न पचलेल्या तुपाचा माग

पाणी टाकलं तरी मळ वाहून जात नाही, भांड्याला चिकटून राहतो, रंग फिकट, वास उग्र, वर तेलाचा तवंग. माझ्या मोठ्या भावाने हे कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं. 'गॅस होतात, पोट बिघडतं' एवढंच तो म्हणायचा. म्हणून आधी आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या, मग जंताचं औषध, मग 'टेन्शन घेऊ नका'. जेवण नीट जात होतं, तरी वजन उतरत होतं. अखेर एका पोटविकारतज्ज्ञ बाईंनी थेट विचारलं, "शौचाला कशी होते, न लाजता सांगा." दादाने खाली मान घालून सगळं सांगितलं आणि तपास खरा सुरू झाला.

खाल्लेलं तूप-तेल अंगी लागायला तीन गोष्टी लागतात. पित्त त्याचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडातलं लायपेज ते थेंब फोडतं आणि लहान आतड्याचं अस्तर ते शोषून घेतं. यातलं काहीही बिघडलं तरी लक्षणं बरीचशी सारखीच दिसतात. स्वादुपिंड तर इतकं सोशीक, की पाचकरस करण्याची जवळजवळ ९० टक्के क्षमता गेल्यावरच मळातून चरबी जाऊ लागते.

चरबी खरंच वाया जाते का, हे मोजायची जुनी पद्धत कष्टाची आहे. रोज १०० ग्रॅम स्निग्धांश पोटात जाईल असं जेवायचं आणि सलग ७२ तासांचा सगळा मळ डब्यात साठवायचा. वहिनी तूप, शेंगदाणे, दूध काट्यावर तोलून वाढत होती. डबा थंड ठेवावा लागतो, त्यासाठी बर्फाची वेगळी पेटी आणली. एवढी चरबी खाऊन निरोगी माणसाच्या मळातून दिवसाला साधारण ७ ग्रॅमपर्यंतच बाहेर पडते. दादाची त्याहून कितीतरी जास्त निघाली. प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला सुदान रंग घातलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. सगळीकडे चरबीचे नारिंगी-तांबडे थेंब होते. घरात इतके दिवस ज्याला 'मनाचे खेळ' म्हटलं जात होतं, ते डोळ्यांनी दिसत होतं.

मळातली चरबी मोजण्याची सोपी रीत व्हान डी कामर या डच रसायनतज्ज्ञाने १९४९ मध्ये दिली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने आतड्याचं अस्तर बिघडवणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराचं मूळ गव्हात आहे हे सिद्ध केलं, त्या कामात हीच मोजणी उपयोगी पडली.

पण चरबी कुठे अडते, हे या मोजणीतून कळत नाही. सीलिअ‍ॅकची शंका होतीच आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्याने दादाने गहू केव्हाच सोडला होता. बाईंनी त्याला पुन्हा पोळ्या खायला लावल्या. गहू बंद असला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, अस्तर भरून येऊ लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. मग रक्ततपासणी झाली, एंडोस्कोपीतून अस्तराचे तुकडे काढले. दोन्ही ठीक निघालं.

राहिलं स्वादुपिंड. त्यासाठी मळातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम मोजतात. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं की शंका, १०० च्या खाली आलं की गंभीर कमतरता. नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटाच कमी येतो, म्हणून दादाचा पहिला नमुना परत पाठवला गेला. दुसऱ्याचा आकडा १०० च्या बराच खाली होता. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात चुन्याचे खडे दिसले. दादा दारूला शिवलेलाही नाही, पण दारू न पिणाऱ्यांनाही होणारा स्वादुपिंडाचा असा जुनाट दाह आपल्या देशात डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यातून पुढे मधुमेह होऊ शकतो, म्हणून साखरेवर लक्ष ठेवायला सांगितलंय.

आता प्रत्येक जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल आणि ड जीवनसत्त्व. वजन हळूहळू भरतंय.

कुणाचं वजन कारण नसताना उतरत असेल, तर मळाचा रंग, वास, चिकटपणा डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि तपासणी होईपर्यंत आपल्या मनाने गहू सोडू नका.