सामायिक फोल्डरांची पुनर्स्थापना

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात कळमनुरी वा सेनगावहून दाखल्यासाठी आलेला माणूस ‘फाइल दिसत नाही’ एवढ्या उत्तरावर परतू नये. विंडोज सर्व्हर नव्याने बसविल्यावर बॅकअपमधून फाइली येतात. सामायिकतेची नोंद मात्र येत नाही. ती फोल्डरात नसून रजिस्ट्रीत, ‘लॅनमनसर्व्हर’खालील ‘शेअर्स’ या नोंदीत असते. ही नोंद आधीच निर्यात करून अन्यत्र जपावी, हे काम सहसा राहूनच जाते! पुढे ड्राइव्हचे अक्षर व फोल्डरचा मार्ग पूर्वीचाच ठेवून ती आयात करावी आणि ‘सर्व्हर’ ही सेवा पुन्हा सुरू करावी. स्थानिक खात्यांना मात्र परवानगी नव्यानेच द्यावी लागते. नाव तेच असले तरी खात्याचा अंतर्गत ओळखक्रमांक बदललेला असतो.