स्वतःचे नाव पुकारणारी पाल

आपल्या घरातली पाल चुकचुकते. ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या उष्ण, दमट प्रदेशात मात्र एक पाल चक्क ओरडते. आधी घशातल्या घशात खरखर, मग 'टो-के, टो-के' असा खणखणीत आवाज, ओळीने अनेकदा. या आवाजावरूनच तिला टोकाय हे नाव पडले. इंडोनेशियात तिला तोकेक म्हणतात, तर बंगालीत तक्षक. (हा तक्षक म्हणजे महाभारतातला नाग नव्हे!) तिचे शास्त्रीय नाव गेको गेको.

टोकाय सुमारे ३० सेंटिमीटर लांब असते. निळसर राखाडी अंगावर नारिंगी ठिपके असतात. मूळची ती जंगलातली. झाडांच्या ढोल्या आणि कड्यांच्या भेगा ही तिची घरे. पण माणसांच्या घरांतही ती राहते. दिवसा लपायचे आणि रात्री झुरळे, नाकतोडे, प्रसंगी छोट्या पालीसुद्धा पकडायच्या, असा तिचा दिनक्रम.

गुळगुळीत खोडावर ती उलटी कशी चालते? तिच्या एकेका पायाच्या तळव्याला सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे फुटलेले असतात. हे फाटे पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात, की रेणूरेणूंमधले क्षीण आकर्षणही एकत्रितपणे तिचे वजन पेलते. केलर ऑटम व सहकाऱ्यांनी २००० साली अशा एकाच केसाचे बल मोजले, ते टोकायच्याच पायावर.

मग ती ओरडते कशासाठी? ओरडतात ते प्रामुख्याने नर. मादीला बोलवायचे आणि दुसऱ्या नराला 'ही जागा माझी' असे बजावायचे, ही दोन्ही कामे त्या हाकेने होतात. मादी बहुधा दोन अंडी घालते. ती ढोलीच्या भिंतीला घट्ट चिकटतात. पालींमध्ये विरळा असे अंड्यांचे राखणही टोकाय करते आणि जवळ येणाऱ्याला कडकडून चावते.

मात्र हीच हाक शिकाऱ्यालाही तिचा ठावठिकाणा सांगते. वाळवलेली टोकाय पारंपरिक चिनी औषधांत वापरतात. त्यात २०१०च्या सुमारास तिच्यामुळे एड्स बरा होतो अशी अफवा पसरली आणि मागणी भडकली. या समजुतीला कोणताही वैज्ञानिक आधार नाही. अखेर २०१९ साली 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. आता देशाबाहेर तिचा व्यापार करायला परवाना लागतो.

परवाना तपासता येतो. अफवा तपासायची सवय मात्र वर्गातच लागते. विद्यार्थ्यांना आठवडाभर घरातल्या पालीची नोंद ठेवायला सांगा : ती केव्हा बाहेर पडते, काय खाते, केव्हा चुकचुकते? मग पालीविषयी ऐकलेली एकेक समजूत त्या नोंदींशी ताडून पाहा.