पहिला श्वास आणि रिठ्याचा फेस

"बाळ रडलं का हो?" प्रसूतिगृहाचं दार उघडलं तसा आईनं विचारलेला पहिला प्रश्न हाच होता. मुलगा की मुलगी, वजन किती, हे सगळं नंतर. माझी भाची दहा आठवडे आधीच जन्माला आली होती. नर्स म्हणाली, "रडली, पण आवाज बारीक आहे."

काचेच्या पेटीत मी तिला पाहिलं तेव्हा प्रत्येक श्वासाला तिच्या फासळ्यांखाली खळगा पडत होता आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येत होता. थोड्या वेळानं नर्सनं फ्रिजमधून एक छोटी कुपी काढली आणि दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ उबवत बसली. आत दुधासारखं पांढरं औषध होतं. नळीतून ते थेट भाचीच्या फुप्फुसांत गेलं आणि काही तासांत तो खळगा उथळ झाला. त्या कुपीत काय होतं, याचा शोध घेताना श्वास घेणं म्हणजे नेमकं काय, हे मला पहिल्यांदा कळलं.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात. हे पाणी फुप्फुसंच तयार करतात. ऑक्सिजन नाळेतून येतो, तरी छाती अधूनमधून हलते. हवेशिवाय चाललेली ती श्वासाची तालीमच. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात ॲड्रिनलिन वाढतं आणि पाणी बनवणाऱ्या त्याच पेशी ते उलट शोषून घेऊ लागतात. म्हणून कळा न येताच सिझेरियन झालेल्या बाळांना कधी कधी पहिले एकदोन दिवस धाप लागते. जन्मल्यावर पहिली हवा आत ओढायला नंतरच्या श्वासाच्या दहा पट, कधी त्याहूनही जास्त जोर लागतो. हवा शिरली की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तिकडे धावतं आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधलं आजवर उघडं असलेलं झडपेचं दार मिटतं. आणि रडणं? रडताना गळा अर्धवट मिटलेला असतो, त्यामुळे आत गेलेली हवा सगळी बाहेर न पडता फुप्फुसांना फुगलेलं ठेवते. भाचीचं कण्हणंही त्यासाठीच होतं. ती मिळालेली हवा धरून ठेवत होती.

पण हवा धरून ठेवावी का लागते? त्याचं कारण पाणी.

आपली श्वासनलिका झाडासारखी फुटत जाते, सुमारे तेवीस वेळा, आणि शेवटच्या डहाळ्यांना वायुकोश लगडलेले असतात. मोठ्या माणसात असे सुमारे 48 कोटी. एकेकाची रुंदी मिलिमीटरचा पाचवा भाग. सगळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर कमीत कमी 70 चौरस मीटर जागा व्यापतील, मुंबईतल्या एखाद्या टू बीएचके फ्लॅटएवढी. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तो ओला नसेल तर पेशी जगणार नाहीत, आणि ओला असला की पाण्याचा पृष्ठताण त्या इवल्या फुग्याला आत ओढत राहतो. फुगा जितका लहान तितकी ही ओढ जास्त. म्हणजे लहान वायुकोशांनी आपली हवा मोठ्यांत सोडून मिटून जायला हवं.

लहानपणी आम्ही रिठ्याच्या पाण्यात पपईच्या देठाची नळी बुडवून फुगे काढायचो. साध्या पाण्याचा फुगा कधी निघत नसे. रिठ्यातल्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं पाण्यापासून पळतं. ते पृष्ठभागावर दाटी करतात आणि पाण्याचा ताण सैल पडतो. आपल्या वायुकोशांतल्या काही खास पेशी अगदी असंच द्रव्य बनवतात, मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं. त्याचं नाव सर्फॅक्टंट. पण ते रिठ्याच्याही पुढे जातं. श्वास सोडताना वायुकोश आक्रसला की हे रेणू एकमेकांना खेटतात आणि ताण जवळजवळ नाहीसा होतो; श्वास घेताना तो फुगला की रेणू विरळ होतात आणि ताण वाढतो. जिथे मिटण्याचा धोका सर्वांत जास्त, तिथेच आधार सर्वांत मोठा! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसतीच बसून राहिले.

गर्भात हे द्रव्य साधारण चोविसाव्या आठवड्यापासून बनू लागतं आणि पस्तिसाव्याच्या आसपास पुरेसं होतं. अमेरिकेत मेरी एलन ॲव्हरी यांच्या लक्षात आलं, की श्वास न घेता आल्यानं दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत फेसच नाही. 1959 साली त्यांनी जेरे मीड यांच्यासोबत दाखवून दिलं, की या बाळांत सर्फॅक्टंटची उणीव असते. कारण कळलं, उपाय नव्हता. ऑगस्ट 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक याच आजारानं अवघ्या 39 तासांत गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य बापाला पोरासाठी हा चिमूटभर फेस मिळाला नाही. पुढे न्यूझीलंडमध्ये लिगिन्स यांना मेंढ्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की स्टिरॉइडमुळे अपुऱ्या दिवसांच्या कोकरांची फुप्फुसं लवकर तयार होतात. आज लवकर कळा आलेल्या आईला इंजेक्शन देतात ते यामुळेच. आणि 1980 मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून बनवलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांना दिलं. नर्सच्या तळव्यांतली ती कुपी इथून आली होती.

एवढं असूनही काही वायुकोश मिटतातच. म्हणून तासाभरात दहाबारा वेळा आपण नकळत एक खोल, दुप्पट श्वास घेतो. मिटलेले कोश उघडतात. भाची आता चार वर्षांची आहे. झोपेत तिची छाती संथ वरखाली होत असते आणि मध्येच ती एक लांब उसासा टाकते. शेजारी पडल्या पडल्या मी त्याची वाट पाहते.