लस, भीती आणि आपली वस्ती

कोविडच्या साथीत आमच्या वस्तीत लसीविषयी जी धास्ती पसरली होती, तिला अधिकाऱ्यांनी, वर्तमानपत्रवाल्यांनी आणि आमच्यातल्याच नोकरदार मंडळींनी एकच नाव देऊन टाकले होते : अडाणीपणा. मीही तेच म्हणत होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरलो आहे. त्यामुळे लोकांना काय कळत नाही याची यादी माझ्यापाशी तयार होती. लोकांना काय आठवते आहे, हे मात्र मी कधी विचारले नव्हते.

माझ्या मोठीमायला बरेच काही आठवत होते. मोठेबाबा नगरपालिकेत झाडूकामगार होते. १९७६ साली त्यांचा पगार अडवून धरला आणि ‘शस्त्रक्रियेचा दाखला आण, मग पगार घे’ असे सांगितले. त्यांना तेव्हा एकच लेकरू होते. ते शिबिरात गेले, दाखला आणला, पगार घेतला. त्या वर्षी, म्हणजे १९७६-७७ मध्ये, या देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. विधेयक कागदावर राहिले, मोठेबाबांवरची शस्त्रक्रिया काही कागदावर राहिली नाही. मोठीमायला दुसरे लेकरू झाले नाही. २०२१ मध्ये वस्तीतली पोरे ‘लस घेतली की माणूस नामर्द होतो’ असे म्हणू लागली, तेव्हा आम्ही शिकलेले लोक हसलो. मोठीमाय हसली नाही.

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. आधी दवाखान्यातले कर्मचारी, फेब्रुवारीत पोलीस, सफाई कामगार वगैरे, १ मार्चपासून साठीच्या वरचे, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरचे सगळे. मोठीमायचा मुलगा, माझा चुलतभाऊ, बापाच्याच जागी झाडू मारतो. पण कायम नोकरीत नव्हे, ठेकेदाराकडे. साथीच्या पहिल्या वर्षी त्याने कोविड केंद्राचा कचरा उचलला. फेब्रुवारीत त्याचे नाव यादीत नव्हते, कारण ठेकेदाराने कळवलेच नव्हते. तो म्हणाला, “मरायच्या वक्ताला मी यादीत होतो, सुई टोचायच्या वक्ताला न्हाई. आता मला नकोच ती.” याला अडाणीपणा म्हणायचे की हिशेब, हे वाचकांनी ठरवावे.

मोठीमायला मात्र मी तयार केले. तिचे वय अडुसष्ट, साखरेचा आजार. ती म्हणाली, “लेकरा, तू मास्तर हायेस. तू म्हणतोस तर टोचून घेते. पण आधी तू घे.” मी म्हणालो, आपण दोघे बरोबरच जाऊ. १२ एप्रिलला आम्ही केंद्रावर गेलो. दोनअडीचशे माणसे, एकच पंखा, अंतराचे वर्तुळ चुन्याने आखलेले आणि त्यात कोणीच उभे नाही. (‘सोशल डिस्टन्सिंग’ या शब्दाचे आम्हांला कौतुक नव्हते, ते अंतर आमच्या आज्यापणज्यांनी गावकुसाबाहेर राहून पाळले होते. पण या रांगेत ते खरोखर हवे होते, आणि नेमके तिथेच नव्हते.) मोठीमायला लस मिळाली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, गर्दी फार आहे, तिला घरी पोचवतो, मी नंतर येईन. हे कारण खोटे होते. युरोपात या लसीने रक्तात गुठळ्या होतात अशी बातमी मी वाचली होती. विज्ञान शिकवणारा मी म्हाताऱ्या बाईचा दंड पुढे केला आणि स्वतःचा मागे घेतला.

त्या रात्री तिला ताप आला, सकाळी उतरला. १४ एप्रिलला तिने निळे लुगडे नेसून घरातच बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मिरवणूक नव्हतीच. १७ तारखेला पुन्हा ताप, खोकला. तपासणीत कोविड निघाला. २३ तारखेला, ऑक्सिजनची खाट मिळण्याची वाट पाहत, ती गेली.

वस्तीने निकाल दिला : मास्तरने लस टोचवली आणि म्हातारी मेली. चुलतभावाने तोंडाने काही म्हटले नाही.

या ठिकाणी लस कशी काम करते हे सांगितले पाहिजे, कारण मोठीमायच्या मृत्यूचा उलगडा त्यातच आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न पुढच्या साथीतही विचारला जाणार आहे. लस हे औषध नाही. ती शरीराला शत्रूची खूण आधीच दाखवून ठेवते. कोविशील्ड या लसीत चिंपांझीला सर्दी आणणारा एक विषाणू असतो. तो शरीरात वाढू शकणार नाही असा पांगळा केलेला असतो आणि त्याच्या अंगावर कोरोनाच्या काट्याचा नकाशा चढवलेला असतो. आपल्या पेशी त्या नकाशावरून काही काळ तो काटा तयार करतात, शरीर तो परका म्हणून ओळखते आणि त्याच्याविरुद्ध तयारीला लागते. कोव्हॅक्सिनची रीत जुनी : विषाणू मारून तोच टोचायचा. दोन्हींत रोग होण्याजोगे काही नसते. टोचल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी येणारा ताप हा त्या तयारीचा ताप. पण तयारीला वेळ लागतो. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवडे शरीर जवळजवळ उघडेच असते, आणि पुरते संरक्षण दुसऱ्या मात्रेनंतर. उलट विषाणू अंगात शिरल्यापासून साधारण पाच दिवसांत, कधी चौदा दिवसांपर्यंत, आजार दिसू लागतो. मोठीमायला पाचव्या दिवशी खोकला आला. म्हणजे विषाणू तिच्या अंगात लसीच्या आगेमागे शिरला होता. कदाचित घरात, कदाचित त्याच रांगेत. लसीने ती मेली नाही. पण मी तिला ज्या रांगेत नेले त्या रांगेने ती मेली असेल, ही शक्यता मला कोणतेही विज्ञान पुसून देत नाही.

गुठळ्यांचेही सांगितले पाहिजे. ती भीती निराधार नव्हती. कोविशील्डसारख्या लसीने फार क्वचित, विशेषतः तरुण माणसांत, टोचल्यानंतरच्या काही आठवड्यांत अशा गुठळ्या होतात. भारत सरकारच्या समितीने मे २०२१ मध्ये दहा लाख मात्रांमागे एकाहूनही कमी असे प्रमाण दिले. ब्रिटनमध्ये ते याहून पुष्कळ अधिक दिसले, तरी लाखात एक-दोन इतकेच. आणि अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेह असलेल्या बाईला कोविड झाला तर मरणाचा धोका शेकड्यात मोजावा लागत होता. दोन्ही आकडे एका पानावर लिहून कोणी आम्हांला दाखवले नाहीत. ‘लस पूर्ण सुरक्षित आहे’ एवढेच ध्वनिक्षेपकावर ओरडत राहिले. मग २०२४ साली कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात हा दुर्मिळ दोष मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी मला मोबाईल दाखवून विचारले, “सर, तुमी तर काहीच होत न्हाई म्हणले होते.” तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या लसीची आता भीती नाही, हे मी समजावले. पण आधी लपवलेली गोष्ट नंतर समजावताना आवाज खालीच राहतो.

मोठीमाय गेल्यावर मी लसीचा इतिहास वाचायला घेतला. हिंदुस्थानात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत टोचली गेली, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा लस बाटलीत येत नसे. एका मुलाच्या दंडावर फोड आला की आठवड्याने त्यातला द्रव घेऊन दुसऱ्याला टोचत. लस म्हणजे मुलांची साखळीच. हा द्रव ज्यांच्या दंडातून काढायचा ती मुले बहुधा गरिबांची, खालच्या मानलेल्या जातींची असत, कारण वरच्यांना आपल्या मुलाचा फोड फोडू द्यायचा नसे. आणि त्याच वेळी, हलक्या जातीच्या पोराच्या अंगातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात नको, अशी वरच्यांची हरकतही असे! पुढे वासराच्या अंगावर लस वाढवू लागले तेव्हा ही अडचण पुष्कळशी मिटली. माणसाच्या पोरापेक्षा गाईचे पोर त्यांना चालले. लसीला सोवळेपणापायी झालेल्या या विरोधाला अडाणीपणा असे नाव कोणी दिलेले नाही. त्याला ‘धार्मिक भावना’ म्हणतात.

मग १८९६ चा प्लेग. डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने मांडवीत तो ओळखला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना. (हा क्रम वाचताना मला माझी रांग आठवली.) सरकारने त्याच साली साथरोग कायदा केला, १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, तोच कायदा पुन्हा वापरला गेला. पुण्यात घरे तपासायला शिपाई घुसले, आणि त्या जुलमाची कथा आपल्याला शाळेत रँडच्या वधापर्यंत शिकवतात. त्याच पुण्यात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर पाठीवर घेऊन यशवंतांच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मी ते इथे सांगतो ते एवढ्यासाठी की साथीत माणसाला दवाखान्यापर्यंत नेण्याच्या या दोन रीती एकाच शहरात, एकाच वर्षी होत्या.

जुलैत आम्ही विहारात बैठक घेतली. आमच्याच गल्लीतली, उपकेंद्रात नर्स असलेली एक मुलगी आली. तिने भाषण केले नाही, रिकामी बाटली दाखवली. एका बाटलीत दहा जणांची लस. उघडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकून द्यायची. म्हणून दहा माणसे जमल्याशिवाय बाटली उघडत नाहीत. सात-आठ जणांना ‘उद्या या’ म्हणून परत पाठवतात ते यामुळे. सभेत चुळबूळ झाली. आमचे लोक दोनदा-तीनदा असे परत आले होते, आणि वस्ती पाहून परत पाठवतात अशी त्यांची खात्री झाली होती. ती खात्री सर्वस्वी चूक होती असेही नाही. मे महिन्यात अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी फक्त मोबाईलवर होती. शहरातली तरुण मंडळी मोटारी घेऊन आमच्या केंद्रावर लस घेऊन जात आणि आमची पोरे दारात उभी राहून ओटीपीची वाट पाहत. पण बाटलीचे गणित कोणी आधी सांगितले असते, तर निम्मा राग तरी वाचला असता.

मग एका म्हातारीने मला विचारले, “मास्तर, तिला टोचली त्या दिशी तू का न्हाई टोचून घेतलीस?”

मी खरे सांगितले. भ्यालो होतो, म्हणालो. गुठळ्यांची बातमी सांगितली, आकडे सांगितले, पाचवा दिवस सांगितला. मे महिन्यात मी लस घेतली आहे हेही सांगितले, पण ते कोणाच्या कानावर गेलेसे दिसले नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तीच म्हातारी नर्सला म्हणाली, “ताप किती दिस ऱ्हातो?” दुसऱ्या दिवशी ती दहा माणसे गोळा करूनच केंद्रावर आली, एक बाटली उघडेल एवढी, नेमकी.

ऑक्टोबरात राज्य सरकारने ‘मिशन कवच कुंडल’ काढले. नाव ठेवणाऱ्यांना कर्णाची कथा अर्धीच ठाऊक असावी. ती कवचकुंडले त्याच्या अंगावरून कोणी आणि कशी मागून नेली, हे सूतपुत्रांच्या वस्त्यांना चांगले आठवते. तरी त्या मोहिमेत पुष्कळांनी लस घेतली. नोव्हेंबरात आमच्या जिल्ह्यात फर्मान निघाले की लसीचा दाखला नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही. कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते पुढे, २ मे २०२२ रोजी.

तोवर चुलतभावाने लस घेतली होती. जुलैच्या बैठकीला तो आला नव्हता. फर्मान निघाल्यावर तिसऱ्या दिवशी तो एकटाच केंद्रावर गेला, टोचून घेतली, छापील दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि तसाच रेशनच्या दुकानावर गेला. गहू घेऊन येताना माझ्या दारावरून गेला. मी विचारले, दंड दुखतो का? तो म्हणाला, “बापालाबी असंच इचारलं असंल कोणी.”