वजनकाट्याच्या माडीवर

शरीररचनाशास्त्राचा इतिहास सांगायला बसलेला माणूस हमखास पाडुआपासून सुरुवात करतो. व्हेसॅलियस, १५४३ साली बाझेलला छापलेला त्याचा भव्य ग्रंथ, मग फॅब्रिशियसचे सहा कठड्यांचे लाकडी प्रेक्षागार, मग त्याच पाडुआत शिकलेला हार्वी, आणि झाली कथा पुरी. दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या अंकात हा लेख येतोच. लेखक बदलतो, चित्रे मात्र बदलत नाहीत. त्यात खोटे काही नाही. पण हा इतिहास विद्यापीठांनी स्वतःविषयी सांगितलेला आहे. त्यात न्हावी-सर्जनांच्या गिल्डांची सभागृहे येतात ती तळटीप म्हणून, आणि बहुतेकदा थोडी थट्टेनेच. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या प्रस्तुत लेखकाचे या विद्यापीठनिष्ठ मंडळींशी जुने भांडण आहे. हा लेख म्हणजे त्या भांडणाचाच पुढचा अंक समजावा.

विद्यापीठांचा भाग झटपट आटोपू. बोलोन्यात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मोंदिनो देह उघडत होता, हे खरे. पण पुढची दोनशे वर्षे बहुतेक ठिकाणी प्राध्यापक उंच आसनावरून गेलनचे लॅटिन वाचत बसला आणि सुरी चालवायला खाली न्हावी-सर्जन उभा केला. पाडुआचे प्रेक्षागार १५९५च्या सुमारास उभे राहिले, लायडनचेही त्याच दशकातले. बोलोन्याचे १६३७चे दालन १९४४च्या बॉम्बवर्षावात कोसळले, ते पुन्हा जुळवून उभे केले आहे. प्रवासी तिथे फोटो काढतात. सुंदर आहेत ही सगळी. मात्र तिथल्या बाकांवर बसणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढे एखाद्याचा हात कापला, हाड बसवले, की भाल्याचे टोक मांडीतून उपसले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ती कामे करणारी माणसे दुसरीकडे शिकत होती.

एडिंबरामध्ये १ जुलै १५०५ रोजी नगरपरिषदेने न्हावी आणि सर्जनांच्या गिल्डला सनद दिली. ही सनद वाचण्यासारखी आहे. उमेदवाराला लिहितावाचता आले पाहिजे. शरीराची रचना, नसा कुठे आणि रक्त कुठल्या ठिकाणी काढायचे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे आणि त्याची परीक्षा झाली पाहिजे. त्यासाठी वर्षातून एक मृत्युदंड झालेला देह गिल्डला मिळावा. व्हेसॅलियस तेव्हा जन्मायचा होता! याच सनदेने शहरात व्हिस्की गाळण्या-विकण्याचा मक्ताही सर्जनांनाच दिला. आजच्या एखाद्या वैद्यकीय परिषदेला असा महसूल मिळाला असता तर वर्गणीची स्मरणपत्रे तरी थांबली असती.

लंडनमध्ये आठव्या हेन्रीने १५४० साली कायदा करून न्हाव्यांची कंपनी आणि सर्जनांचा संघ एकत्र आणले. सर्जनांनी हजामत करायची नाही, न्हाव्यांनी दात उपटण्यापलीकडे शस्त्रक्रियेला हात लावायचा नाही, आणि फाशी गेलेल्या गुन्हेगारांचे चार देह दरवर्षी कंपनीला. हॉल्बाइनने या प्रसंगाचे चित्र काढले. राजा मध्ये मूर्तीसारखा बसलेला, भोवती टॉमस व्हिकरी आणि मंडळी गुडघे टेकून. पुढे कंपनीने इनिगो जोन्ससारख्या वास्तुविशारदाकडून लंबवर्तुळाकार प्रेक्षागार बांधून घेतले. १६६६च्या महाआगीत कंपनीचे सभागृह जळाले, प्रेक्षागार वाचले. त्याआधी तीन वर्षे, फेब्रुवारी १६६३ मध्ये, सॅम्युएल पेपिस तिथे गेला होता. सकाळी मूत्रपिंडावरचे व्याख्यान ऐकले, मग कंपनीची मेजवानी झोडली, आणि जेवणानंतर चोरीपायी फाशी गेलेल्या एका खलाशाचे प्रेत पाहायला पुन्हा आत गेला. त्याने त्या प्रेताला हात लावून पाहिला आणि थंडगार लागल्याचे रोजनिशीत टिपून ठेवले.

लंडनकरांचे कौतुक इथेच थांबवलेले बरे. देहांवर आपला मक्ता राहावा म्हणून ही कंपनी सभागृहाबाहेर विच्छेदन करणाऱ्याला दहा पौंडांचा दंड लावी. १७१४ साली विल्यम चेझल्डनसारख्या हुशार तरुण शिक्षकाला तिने याच कारणावरून समज दिली. त्याचे घरचे वर्ग सभागृहाच्या व्याख्यानांच्या वेळेलाच असत, आणि पोरे साहजिकच त्याच्याकडे जात. १७४५ साली सर्जन न्हाव्यांपासून वेगळे झाले आणि ओल्ड बेलीत, न्यूगेटच्या तुरुंगाशेजारी, त्यांनी स्वतःचे सभागृह बांधले. देह जवळ पडत, शिक्षण मात्र दूर गेले. १७९० साली कंपनीचे प्रमुख जॉन गनिंग यांनी सहकाऱ्यांना भर सभेत सुनावले, की प्रेक्षागार आहे पण व्याख्याने नाहीत, ग्रंथालयाची खोली आहे पण पुस्तके नाहीत. १७९६ साली तर नियमानुसार हजर असायला हवेत ते पदाधिकारी नसताना सभा घेतली म्हणून कंपनी कायद्याच्या दृष्टीने बरखास्तच झाली. अशा सभा आपल्याकडेही होतात, फक्त संस्था बरखास्त होत नाहीत. १८०० साली नव्या सनदेने रॉयल कॉलेज उभे राहिले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आता ॲमस्टरडॅम. इथे थोडे निवांत बसायला हवे.

न्यूमार्क्ट चौकात टोपीसारख्या छपरांचे बुरूज असलेली एक बुटकी, दणकट इमारत आहे. मूळची ती १४८८ सालची शहराची वेस. तटबंदीबाहेर शहर वाढले तेव्हा १६१७-१८ मध्ये तिचे वजनकाट्याचे घर केले. नावही तेच, वाख. खाली व्यापाऱ्यांचा माल तोलला जाई आणि वरच्या माडीवरच्या खोल्या गिल्डांना दिलेल्या. लोहार, गवंडी, चित्रकार आणि सर्जन, प्रत्येकाचे दार वेगळे. सर्जनांच्या दारावर कोरलेली शरीर-प्रेक्षागाराची लॅटिन अक्षरे आजही वाचता येतात. तळमजल्यावर आता रेस्टॉरंट आहे.

दुसऱ्या फिलिपने १५५५ साली या गिल्डला वर्षातून एक देह उघडण्याचा हक्क दिला होता. जागा मात्र बदलत राहिल्या. आधी मठ, मग मटणबाजारावरची माडी, मग वाख, पुन्हा बाजाराची माडी, आणि १६९१ साली वाखच्याच मधल्या बुरुजात बांधलेले नवे घुमटी प्रेक्षागार. विच्छेदन थंडीतच, कारण देह टिकवायला दुसरा उपाय नव्हता. तिकीट लावून नगरवासीयांनाही आत घेत. जमलेल्या पैशातून खर्च भागे आणि गिल्डची मेजवानी होई. हा तमाशा होता, असे म्हणून नाक मुरडणारे आहेत. वर्षातला तो एक तमाशा होता हे कबूल. पण त्याच माडीवर वर्षभर, आठवड्यांमागून आठवडे, गिल्डने नेमलेला प्रीलेक्टर हाडे आणि आकृत्या घेऊन सर्जनांना आणि त्यांच्या शिकाऊ पोरांना शिकवत असे, आणि ते डच भाषेत. कारण समोर बसलेल्यांना लॅटिन येत नव्हते आणि त्यांना ते शिकवण्यात वेळ घालवावा असे कोणाला वाटले नाही. पाच-पाच वर्षे उमेदवारी केलेला पोरगा शेवटी परीक्षकांपुढे बसे तेव्हा त्याला नस्तर स्वतःच्या हाताने घडवून, धार लावून दाखवावे लागे. नसेची माहिती आणि नसेवर चालायचे पाते, दोन्ही एकाच हातात.

या प्रीलेक्टरांची सामूहिक चित्रे काढून घेऊन सभागृहात लावायची गिल्डला हौस होती. १६०३ साली आर्त पीटर्सने डॉ. एग्बेर्ट्स आणि दोन डझनांहून अधिक सर्जन एका चौकटीत कोंबले. आजकाल शाळेच्या निरोपसमारंभात फोटो काढतात तशीच ती रांग. १६१९च्या चित्रात त्याच एग्बेर्ट्ससमोर सांगाडा आहे. आणि मग १६३२ साली पंचविशीतल्या रेम्ब्रांटकडे हे काम आले. प्रीलेक्टर डॉ. निकोलास तुल्प, पुढे शहराचा महापौर झालेला. टेबलावर लायडनचा आद्रियान आद्रियान्स, टोपणनाव अरिस किंट, एक डगला चोरल्याबद्दल फाशी गेलेला. भोवती पैसे भरून चित्रात आलेले सात सर्जन. त्यांतल्या एकाच्या हातातल्या कागदावर सगळ्यांची नावे आहेत, ती नंतर लिहिलेली.

या चित्रावर कलासमीक्षकांनी ढीगभर लिहिले आहे. प्रकाश कुठून येतो, अरिस किंटच्या चेहऱ्यावर छाया का, तुल्प देवदूतासारखा वाटतो की न्यायाधीशासारखा. शरीररचनेचा शिक्षक मात्र पहिल्यांदा पाहतो तो प्रेताचा डावा हात. कुठलेही विच्छेदन पोटापासून सुरू होई, कारण आतडी सर्वांत आधी कुजतात. इथे पोट शाबूत आहे आणि कोपरापुढचा हात सोललेला. तुल्पच्या उजव्या हातातल्या चिमट्याने बोटे वाकवणारे स्नायू उचलून धरले आहेत आणि डाव्या हाताची बोटे त्याने स्वतः वाकवली आहेत. हे स्नायू, ही त्यांची क्रिया, बघा! डिसेक्शन हॉलमध्ये टेबलाशी उभा राहून शिकवलेल्या कोणालाही ती डाव्या हाताची खूण परकी वाटणार नाही. २००६ साली ग्रोनिंगेनच्या सर्जनांनी एक खराखुरा डावा हात विच्छेदून या चित्राशी ताडून पाहिला. काही तपशील जुळले, काही जुळले नाहीत. चुका निघाल्या म्हणून ज्यांना आनंद झाला, त्यांनी स्वतः कधी टेंडन सोडवून पाहिला असेल असे वाटत नाही.

रेम्ब्रांटने २४ वर्षांनी याच गिल्डसाठी डॉ. डेइमानचे चित्र काढले. त्यात पोट रिकामे झालेले, मेंदू उघडलेला, आणि शेजारी कवटीची वाटी हातात धरून उभा सहायक. १७२३ च्या आगीत या चित्राचा बहुतेक भाग जळाला. उरलेल्या तुकड्यात डेइमानचे फक्त हात आहेत, डोके नाही.

त्यानंतरचा फ्रेडरिक रॉइश हा या साऱ्या परंपरेतला सर्वांत विलक्षण शिक्षक. १६६७च्या आसपास प्रीलेक्टर झाला तो १७३१ साली मरेपर्यंत. साठाहून अधिक वर्षे एकाच गिल्डला शिकवले! सर्जनांबरोबर शहरातल्या सुइणींनाही त्याने शिकवले. रक्तवाहिन्यांत रंगीत मेणासारखे द्रव्य भरून त्याने केलेले नमुने इतके ताजे दिसत की ते पाहायला रांगा लागत. पीटर द ग्रेटने १६९७ साली ते पाहिले आणि १७१७ साली ३०,००० गिल्डरांना अख्खा संग्रह विकत घेऊन सेंट पीटर्सबर्गला नेला. सत्तरी ओलांडलेला रॉइश पुन्हा नवा संग्रह करायला बसला.

१७९८ साली गिल्डे बंद झाली. तुल्पचे चित्र उरले, आणि गिल्डच्या विधवांचा निधीही. निधीला पैसा हवा म्हणून चित्र विकायला निघाले, तेव्हा राजा विलेम पहिला मध्ये पडला आणि १८२८ साली ३२,००० गिल्डर देऊन त्याने ते राष्ट्रासाठी घेतले. आज ते हेगच्या मॉरिट्सहाउसमध्ये आहे.

देशी भाषेत शिकवल्याने काय होते याचा पुरावा थेट जपानमध्ये सापडतो. कुल्मुस या जर्मन डॉक्टरचे शरीररचनेचे पुस्तक लायडनचा सर्जन गेरार्ड डिक्तेन याने १७३४ साली डचमध्ये आणले. ते नागासाकीच्या व्यापारातून जपानात गेले. १७७१ साली एदोजवळ एका देहदंडितेचे विच्छेदन पाहताना सुगिता गेनपाकू आणि मायेनो र्‍योताकू यांनी हे पुस्तक हातात धरून आकृत्या पडताळल्या. त्या तंतोतंत जुळल्या. दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १७७४ साली त्याचे भाषांतर 'काइताई शिन्शो' नावाने छापले. जपानी आधुनिक वैद्यक तिथून सुरू होते. पुस्तक जर्मनमध्येच राहिले असते तर डच दुभाष्यांवर विसंबलेल्या त्या मंडळींना त्याचा काय उपयोग झाला असता?

आपल्याकडेही थोडे. १७९२च्या युद्धात टिपूच्या लोकांनी कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक कापले. पुण्यात कुंभार जातीच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून ते पुन्हा घडवले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ साली त्याचे वर्णन चित्रासह छापले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शरीररचना शिकवणाऱ्या सर्जनाने आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली जिवंत माणसाचे नाक तसेच बसवले. आमच्या काही विद्वानांना यात फक्त सुश्रुत दिसतो. सुश्रुत थोरच, प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात सात रात्री ठेवून वाळ्याच्या कुंच्याने थर उलगडण्याची त्याची पद्धत शरीररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. पण पुण्याचा तो माणूस संहितेतून शिकला नव्हता. तो एका कारागिराकडून दुसऱ्याकडे, हातातून हातात आलेल्या विद्येचा धनी होता, म्हणजे थेट वाखच्या माडीवरच्यांचा भाऊबंद. त्याचे नाव कोणी नीट नोंदवले नाही, कावसजीचे मात्र नोंदवले.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. पुढे तिथे काही वर्षे मराठी आणि गुजराती वर्गही चालले, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या वर्गांचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर प्रस्तुत लेखक आपल्याकडची सगळी टिपणे आनंदाने देईल. आजवर मागायला कोणी आले नाही. मराठीतून शरीररचना शिकवता येणार नाही असे ठासून सांगणारे मात्र प्रत्येक संमेलनात भेटतात. तेच लोक टेबलाशी उभे राहिले की पोरांना 'हा बघ, ही नर्व्ह इथून खाली जाते' असेच सांगतात.

आजचे डिसेक्शन हॉल पाहिले की वाखच्या माडीची आठवण उलट्या कारणाने होते. १९९७ पासून पहिल्या वर्षाची मुदत दीड वर्षावरून एक वर्षावर आली आणि विच्छेदनाला कात्री लागली. १९४९च्या मुंबईच्या शरीररचना कायद्याने बेवारस देह मिळत, पुढे देहदानाची चळवळ उभी राहिली, तरी कित्येक ठिकाणी एका टेबलाभोवती इतकी पोरे असतात की मागच्यांना शेजाऱ्याच्या खांद्यापलीकडे काही दिसत नाही. कनिंगहॅमच्या विच्छेदन-पुस्तिकेची पाने उलटणारे कमी झाले आणि टच-स्क्रीनवरचे डिजिटल टेबल आले. त्यावर बोट फिरवले की कातडी नाहीशी होते, स्नायू नाहीसे होतात, पुन्हा बोट फिरवले की सगळे परत येते. व्हायव्हात पोरे नर्व्हचा मार्ग घडाघडा सांगतात; ती फॅशियातून सोडवायला सांगितली की चिमटा कसा धरायचा इथपासून अडतात. एका नामवंत कॉलेजच्या संग्रहालयात बरण्यांतले फॉर्मॅलिन निम्म्यावर आले आहे. ते बदलणारा तंत्रज्ञ निवृत्त झाला, पद भरले गेले नाही, आणि विचारणा केली की उत्तर येते, नमुने आता स्कॅन करून ठेवले आहेत.