ब, र, ड आणि मधला श्वास

मस्कतला नोकरी करत असताना माझ्या शेजारच्या टेबलावर एक सुदानी गृहस्थ बसायचे. वयाने माझ्याहून बरेच मोठे. ऑफिसात सगळे त्यांना 'उस्ताझ' म्हणत; मी मराठी वळणाने उस्ताद म्हणायचो. ओळखपत्रावर त्यांचा हुद्दा होता 'मुहासिब'. म्हणजे हिशेब ठेवणारा. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचं मनावर घेतलं होतं आणि त्यासाठी खिशात कायम एक छोटी वही असायची. एके दिवशी त्यांनी ती वही माझ्यापुढे सरकवली. पानावर एकाखाली एक पाच शब्द होते: ब्रेड, बर्ड, बिअर्ड, बोर्ड, ब्रॉड.

"हे पाच वेगळे शब्द आहेत, हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण डोळे ऐकत नाहीत. त्यांना एकच शब्द दिसतो."

मी नीट पाहिलं. पाव, पक्षी, दाढी, फळा, रुंद. अर्थाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण इंग्रजी लिपीत पाचही शब्द 'बी'ने सुरू होतात, 'डी'ने संपतात आणि मध्ये कुठेतरी 'आर' असतो. स्वर काढले की पाचांचा मिळून एकच सांगाडा उरतो: ब-र-ड. उस्तादांचे डोळे चुकत नव्हते. लहानपणापासून जे पाहायला शिकवलं होतं तेच ते पाहत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की शब्द पाठ करणं ही नुसती स्मरणशक्तीची गोष्ट नाही. आपली पहिली भाषा आपल्याला शब्दात काय पाहायचं हेसुद्धा शिकवून ठेवते.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो. क-त-ब हा लिहिण्याचा सांगाडा. त्यात वेगवेगळे स्वर भरत जायचं. 'कतबा' म्हणजे त्याने लिहिलं, 'किताब' म्हणजे पुस्तक, 'कातिब' म्हणजे लिहिणारा, 'मक्तूब' म्हणजे लिहिलेलं, 'मक्तब' म्हणजे लिहिण्याची जागा, म्हणून ऑफिस, आणि 'मक्तबा' म्हणजे ग्रंथालय. व्यंजनं घराणं सांगतात, स्वर त्या घराण्यातलं नातं सांगतात.

आता लिहिण्याची तऱ्हा पाहा. दीर्घ स्वरांना अक्षरं आहेत, पण ऱ्हस्व स्वर एरवी लिहीतच नाहीत. त्यांच्यासाठी फतहा, कसरा, दम्मा या बारीक खुणा आहेत. त्या कुराणात आणि लहान मुलांच्या पुस्तकांत दिसतात, रोजच्या वर्तमानपत्रात नाही. त्यामुळे काफ, ता, बा ही तीन अक्षरं समोर आली की ती 'कतबा' असू शकतात, 'कुतिबा' म्हणजे लिहिलं गेलं असू शकतात किंवा 'कुतुब' म्हणजे पुस्तकंही. यातलं कुठलं, ते वाक्य ठरवतं. अरबी वाचक बरेचसे स्वर वाचत नाही, ते पुरवतो. आणि तेही इतक्या सहज की आपण काही पुरवतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. मोडीतले जुने कागद वाचणाऱ्यांना याची थोडीशी चव असते. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, शब्दही सुटे लिहिलेले नसतात. संदर्भाचं बोट धरूनच पुढे जावं लागतं.

हीच सवय इंग्रजीत आड येते. १९९१ साली अ‍ॅन रायन आणि पॉल मियारा या दोन अभ्यासकांनी तिची परीक्षा घेतली. दहा-दहा अक्षरांचे इंग्रजी शब्द विद्यार्थ्यांना दाखवायचे आणि मग तोच शब्द पुन्हा दाखवायचा, कधी जसाच्या तसा, तर कधी एक स्वर गाळून. आधीचा आणि आत्ताचा शब्द सारखा आहे की वेगळा, एवढंच सांगायचं. इतर भाषांमधून इंग्रजीकडे आलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत अरबीभाषकांच्या चुका बऱ्याच जास्त झाल्या आणि वेळही जास्त लागला. गाळलेला स्वर त्यांच्या नजरेला खुपतच नव्हता. त्या अभ्यासकांनी आपल्या लेखाला 'अदृश्य स्वरांचं प्रकरण' अशा अर्थाचं नाव दिलं. उस्तादांच्या वहीचं ते पान मला लगेच आठवलं.

इंग्रजी तर स्वरांवर जगते. अरबीत मूळ स्वर तीन, त्यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ धरून सहा. इंग्रजीच्या प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वरध्वनी वीसच्या आसपास, आणि ते लिहायला अक्षरं जेमतेम पाच. अरबी माणूस ज्याला मांस समजतो, तिथेच इंग्रजीने हाडं ठेवलेली आहेत.

पण या सवयीला निव्वळ अडचण म्हणणं अन्याय होईल. आठव्या शतकात बसऱ्याच्या अल-खलील इब्न अहमद या विद्वानाने अरबीचा पहिला शब्दकोश रचायला घेतला. एका भाषेतले सगळे शब्द एका ग्रंथात पकडायचे कसे? त्याने तीन व्यंजनं घेतली आणि त्यांच्या शक्य तेवढ्या सहाही उलटापालटी करून पाहिल्या. त्यांतल्या कुठल्या सांगाड्यांवर शब्द उभे आहेत आणि कुठले रिकामे, याची नोंद केली. अक्षरांचा क्रमही त्याने नवा लावला: घशाच्या तळातून निघणाऱ्या 'ऐन'पासून सुरुवात, आणि तिथून ओठांकडे. म्हणून ग्रंथाचं नाव 'किताब अल-ऐन'. कंठापासून ओठांपर्यंत, क-वर्गापासून प-वर्गापर्यंत वर्णमाला म्हणत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे वाचताना आपल्याच घरातलं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

आणि भेटतातच. फारसीच्या हाताला धरून शेकडो अरबी शब्द मराठीत आले. पण ते सुटे-सुटे आले आणि आपण त्यांची नाती विसरलो. तहसील, महसूल आणि 'त्यात काय हशील?' यातला हशील, हे तिन्ही ह-स-ल या एकाच सांगाड्याचे. जे हाती आलं ते हासिल, गोळा झालं ते महसूल, गोळा करणं म्हणजे तहसील. नजर आणि मंजूर ही भावंडं आहेत. मंजूर म्हणजे मुळात 'पाहिलेलं'. अरबीत शब्दाच्या तोंडी आलेला 'म' अनेकदा जागा दाखवतो. बसायची जागा ती मजलिस, नमायची जागा ती मशीद, जमायची जागा ती मैफल, आणि प्रवासात उतरायची जागा ती मंजिल, आपल्या 'मजल दरमजल'मधली. आयुष्यभर तहसील कचेरीवरून गेलो आणि महसूल तिच्या सख्ख्या नात्यातला आहे हे मला मस्कतमध्ये एका सुदानी माणसाने दाखवलं.

अशा भरल्या घरातून उस्ताद इंग्रजीत आले, तेव्हा त्यांना सगळे परके भेटले. क-त-बच्या एका दारावर टकटक केली की अरबीत अख्खं कुटुंब बाहेर येतं. इंग्रजीत 'राइट' एका गावचा, 'बुक' दुसऱ्या. 'ऑफिस', 'लायब्ररी' आणि 'लेटर' लॅटिनच्या मुलखातून फ्रेंचमार्गे आलेले. एकाकडे पाहून दुसऱ्याची ओळख पटत नाही. प्रत्येकाशी नव्याने मैत्री करावी लागते. स्पॅनिश किंवा फ्रेंच माणसाला इंग्रजीत पावलोपावली आपल्यासारखे चेहरे दिसतात. अरबी माणसाला ती सोय नाही.

आणि रस्ता लांब आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये नेहमीच्या वापरातल्या सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ती शिकणाऱ्यांचा पहिला टप्पा मानली गेली. पण कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा हिशेब पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला. नेशन मोजतात ते सुटे शब्द नव्हेत, कुळं. उस्तादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. कुळं असतील तर मग सांगाडेही असणार!

तिथून त्यांच्या वहीचं रूपच पालटलं. इंग्रजीच्या लॅटिन थरात सांगाडे खरंच आहेत, फक्त ते तीन व्यंजनांचे नाहीत. 'स्क्रिप्ट' म्हणजे लिहिलेलं. त्यातून मॅन्युस्क्रिप्ट, प्रिस्क्रिप्शन, सबस्क्रिप्शन, आणि किंचित चेहरा बदलून डिस्क्राइब. उस्तादांनी पानाच्या मधोमध 'स्क्रिप्ट' लिहिलं, भोवती हे सगळे मांडले आणि वर अरबीत लिहिलं: क-त-ब. डॉक्टरच्या चिठ्ठीपासून मासिकाच्या वर्गणीपर्यंत सगळं एका घरात आलं. करणारा दाखवायचा तर अरबीत पहिल्या व्यंजनानंतर 'आ' येतो, कातिब. इंग्रजीत शेवटी 'अर' येतो, रायटर. साचा वेगळा, कारागिरी तीच. ज्या सवयीने ब-र-डच्या पानावर अडवलं होतं, तीच इथे किल्ली झाली.

स्वरांसाठी त्यांनी दुसरा उपाय शोधला. नवा शब्द आला की आधी तो मोठ्याने ऐकायचा, म्हणायचा, आणि वहीत लिहिताना स्वर लाल शाईने लिहायचे. न दिसणाऱ्या गोष्टीला त्यांनी रंग दिला. काही आठवड्यांनी ते म्हणाले, "आता ब्रेडमधला 'ई' मला दिसतो."

उच्चाराची अडचणही शब्द लक्षात ठेवण्याच्या आड येते, कारण जे तोंडात बसत नाही ते मनातही नीट बसत नाही. प्रमाण अरबीत 'प' नाही, आणि शब्दाच्या आरंभी दोन व्यंजनं जोडून येत नाहीत. म्हणून 'फ्लोअर' म्हणताना कैरोचा माणूस मध्ये स्वर घालून 'फिलोर'कडे झुकतो, तर बगदादचा आधी स्वर घेऊन 'इफ्लोर'कडे. ही अडचण किती जुनी, त्याचा पुरावा आपल्याच बोलण्यात आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो अरबीत गेला. 'प'चा 'फ' झाला, जोडाक्षराआधी 'अ' लागला, आणि तो झाला अफलातून. काही भन्नाट पाहिलं की आपण तोच शब्द म्हणतो.

मग एक दिवस वहीत नवं पान उघडलं. त्यावर उस्तादांनी अरबीत लिहिलं: 'घरी परतलेले'. इंग्रजी शब्द उकरता उकरता त्यांना आतून आपलीच माणसं निघताना दिसू लागली होती. 'मॅगझिन' म्हणजे 'मखाझिन', कोठारं. ख-झ-न या सांगाड्याचा. त्याच घरातला आपला खजिना. १७३१ मध्ये लंडनमध्ये 'जंटलमन्स मॅगझिन' निघालं तेव्हा हा कोठाराचा शब्द नियतकालिकाच्या अंगावर चढला. 'टॅरिफ' म्हणजे 'तअरीफ', माहिती करून देणं. आपण तोच शब्द घेतला आणि तारीफ करू लागलो. 'मान्सून' म्हणजे 'मौसिम', पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून इंग्रजीत गेलेला. आपल्याकडे तो थेट मोसम म्हणून आला.

काही शब्द तर आमच्या दोघांचे निघाले. संस्कृतातली शर्करा फारसीतून अरबीत जाऊन 'सुक्कर' झाली आणि युरोप फिरून 'शुगर'. भारतीय गणितातलं शून्य, म्हणजे रिकामं; अरबांनी त्याचं त्याच अर्थाचं 'सिफ्र' केलं. १२०२ मध्ये फिबोनाचीने लॅटिनमध्ये ते 'झेफिरम' लिहिलं, आणि पुढे त्याचं 'झीरो' झालं. एक शब्द भाषांतर होऊन गेला, दुसरा जसाच्या तसा चालत गेला. उस्तादांनी या दोन्हींपुढे माझं नाव लिहिलं.

पण कुळं कळली, मूळ कळलं, तरी एक गोष्ट उरते: कोणता शब्द कोणाशेजारी बसतो. हे कुठल्याही सांगाड्यातून निघत नाही. माणसांत राहूनच कळतं. एका संध्याकाळी चहा मागवताना उस्ताद इंग्रजीत 'हेवी टी' म्हणाले. अरबीत दाट चहाला 'सकील', म्हणजे जड म्हणतात. मी सांगितलं, इंग्रजीत पाऊस हेवी असतो, चहा स्ट्राँग असतो. त्यांनी वही काढली, दुरुस्ती केली आणि विचारलं, "तुमच्याकडे कसा असतो?"

"कडक."

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग अरबीत लिहिला: काफ, दाल, काफ. तीन अक्षरं. क्षणभर त्या तीन अक्षरांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "याच्यातून आणखी काय निघतं?"

मी म्हणणार होतो, आमच्यात तसं नसतं. पण तोंडातून शब्द यायला लागले. थंडीचा कडाका. पैशांची कडकी. कडकडीत उपवास. टाळ्यांचा कडकडाट. उस्ताद एकेक लिहून घेत होते, स्वर लाल शाईने, आणि जन्मभर बोललेली माझी भाषा मी त्यांच्या वहीत पहिल्यांदा पाहत होतो.