संत्र्याची गाडी

सकाळी ६.३० : सौंसर तालुक्यातला माझा बगीचा दवाने भिजलेला आहे. आंबिया बहाराचा तोडा सुरू आहे, पण ओल्या फळाला हात लावला की सालीवर डाग पडतो. ऊन चढेपर्यंत नुसतं झाडं बघत फिरतो.

९ : तोडणारे भिडले. फळ ओढायचं नाही, देठ कातरीने कापायचा. ओढलं की देठापाशी साल फाटते आणि तेवढ्या फटीतून कुज शिरते. मग एका फळापायी अख्खं कॅरेट जातं.

१२ : माल घेऊन पांढुर्ण्याला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटली आहे. आपल्या देशातल्या कापसाचं आणि सुताचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथे कापूस थोडाच पिकतो, कपड्यांचे कारखाने मात्र अफाट. त्यांनी शिवलेले शर्ट आपल्या दुकानांत येतात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, दोघांची चूल पेटावी, असा हा व्यवहार. संत्र्याचंही तसंच होतं.

२ : फळांची प्रतवारी. यंत्र आकार वेगळे करतं, डाग हेरायला मात्र माणूसच लागतो. फळं निवडणाऱ्या काकू एक फळ उजेडात फिरवतात. "भाऊ, हे बांगलादेशच्या गाडीत घालू ना?"

४ : अडत्याकडे हिशेब. २०१९ साली बांगलादेशात संत्र्यावर किलोमागे २० टका आयात कर होता. २०२३ साली तो ८८ टक्यांवर गेला. डॉलरची चणचण भासली तेव्हा तिथल्या सरकारने परदेशी फळं महाग केली. तिथला खाणारा हात आखडता घेतो आणि इथे बागेचा सौदा उतरतो. तिकडे न गेलेला माल देशातल्याच बाजारांत साचतो. तिथे गाठ पंजाबच्या किन्नू संत्र्याशी, आणि किन्नूचं एकरी उत्पादन आमच्याहून जास्त.

७ : गाडी भरली. बांगलादेशालगतची पेट्रापोलची सीमा गाठायला अर्धा देश ओलांडायचा आहे. चालकाला डबा दिला.

९.३० : घरी. किन्नूशी झुंजायचं तर ते बगीच्यातच जमेल : निरोगी कलमं, पाण्याचा निचरा, एकरी जास्त फळ. तेवढं माझ्या हातात आहे. दोन शेजाऱ्यांमधली देवाणघेवाण दिल्ली आणि ढाक्याने बसून मोकळी करायला हवी. तिथे माझी कातर पोचत नाही. सकाळी तीन झाडांच्या बुंध्यांवर डिंक्या रोग दिसला होता. उद्या फटफटताच बोर्डो मलम लावायचं आहे.